चष्मा लावला की नंबर वाढतो का?

समुपदेशनाला आलेल्या पाच वर्षांच्या मुलीचा चष्मा तिच्या डोळ्यांवर नव्हता, आईच्या पर्समध्ये होता. आजीचं म्हणणं, "आत्ताच सवय लागली तर नंबर वाढतच जाईल." आईची शंका वेगळी होती, "जमिनीवर पडलेला मणीसुद्धा ती शोधून काढते. मग चष्मा कशाला?"

तपासणीच्या कागदावर उजव्या डोळ्याचा नंबर अधिक (म्हणजे प्लस) १ होता, डाव्याचा अधिक ४.५. उजव्याने ६/९ दिसत होतं (पूर्ण नजर म्हणजे ६/६; खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी). डावा चष्मा लावूनही ६/३६ वरच अडकला होता. मणी शोधत होता तो उजवा डोळा. डाव्याकडून सतत धूसर चित्र येत राहिल्याने मेंदूने त्याची दखल घेणंच सोडलं होतं. यालाच आळशी डोळा म्हणतात. डोळा बाहेरून अगदी चांगला दिसतो. मूल तक्रारही करत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसायला हवं हे त्याला ठाऊकच नसतं.

आईसमोरच खेळ म्हणून मुलीचा डावा डोळा झाकला. ती निवांत चित्रांची नावं सांगत राहिली. उजवा झाकताच तिने मान वळवली, हात ढकलला आणि रडवेली झाली. त्यानंतर आईने चष्म्याला विरोध केला नाही.

आजीला मात्र पुढच्या भेटीला मुद्दाम बोलावलं. दुपारी मूल ज्यांच्याकडे असतं त्यांना पटलं नाही, तर उपचार घरातच अडतो. त्यांना सांगितलं ते असं: नंबर ठरतो डोळ्याच्या गोलाची लांबी आणि त्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची गोलाई यांवरून. चष्म्याने त्यात वाढ होत नाही. उलट लहानपणीचा अधिक नंबर वयाबरोबर बरेचदा कमी होतो. थांबण्यात मात्र धोका आहे, कारण सात वर्षांच्या आत उपचाराला सर्वांत चांगला प्रतिसाद मिळतो. पुढेही सुधारणा होऊ शकते, पण जास्त कष्टाने.

लहान मुलांचा नंबर डोळ्यातलं भिंग सैल करणारे थेंब घालूनच काढावा लागतो. एरवी ते भिंग इतकं जोर लावतं की प्लस नंबर लपून राहतो. थेंबांनंतर जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. थेंबाच्या प्रकारानुसार हे एक दिवस ते काही दिवस टिकतं.

सुरुवात फक्त चष्म्याने झाली. झोप आणि अंघोळ सोडून पूर्ण वेळ. पहिल्या महिन्यात फरक पडला नाही, कारण फ्रेम मोठी होती. ती नाकावरून घसरे आणि मुलगी काचेच्या वरून बघे. डोळ्याची बाहुली काचेच्या मध्याशी यावी अशी लहान फ्रेम घेतली, मागून पट्टा लावला, काच सहज न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटची. चार महिन्यांत डावा डोळा ६/१८ वर आला आणि तिथेच थांबला. मग डाव्याला काम करावं लागावं म्हणून डॉक्टरांनी चांगल्या, उजव्या डोळ्यावर रोज २ तास पट्टी सांगितली.

पट्टी फसते ती फटीमुळे. चष्म्यावर चढवलेल्या कापडी पट्टीतून ही मुलगी नाकाच्या बाजूने डोकावत होती. त्वचेला चिकटणारी पट्टी लावून त्यावर चष्मा घालायला सांगितलं. काढताना आधी ओली करायची, ओढायची नाही. शाळेनंतर थोडं खाणं झालं की पट्टी. दमलेल्या मुलाशी संध्याकाळी झगडण्यात अर्थ नसतो. सलग जमेना, तेव्हा डॉक्टरांना विचारून एकेक तासाचे दोन भाग केले. त्या वेळात ठिपके जोडणं, रेषेच्या आत रंगवणं, मणी ओवणं. सायकल आणि जिना नाही, कारण तेव्हा ती फक्त कमजोर डोळ्याने बघत असते. मणी आजीच ओवायला देत.

"लवकर बरं व्हावं म्हणून चार तास लावू का?" असं आईने विचारलं. मनाने तास वाढवू नयेत. जास्त झाकल्याने चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते, म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी दोन्ही डोळे तपासतात.

पुढे डावा डोळा ६/९ पर्यंत आला, तेव्हा पट्टीचा वेळ डॉक्टरांनी हळूहळू कमी केला. चष्मा कायम आहे आणि तपासण्याही, कारण पट्टी सुटल्यावर नजर पुन्हा घसरू शकते. घरात तीन वर्षांचा धाकटा भाऊ आहे. असा नंबर भावंडांत आढळतो, म्हणून त्यालाही तपासायला सांगितलं. अक्षरओळख नसली तरी चित्रांच्या तक्त्यावर नजर मोजता येते.