सेमिस्टर मधेच सोडलं तर एडचं (शिक्षणासाठी मिळालेल्या आर्थिक मदतीचं) काय होतं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो, सगळे सिटिझन आहोत. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, तब्येतीमुळे सेमिस्टर सोडायचं म्हणतेय. पेल ग्रँट (अमेरिकन सरकारचं शिक्षणासाठीचं अनुदान) आणि फेडरल लोन मिळालंय, ते सगळं परत करावं लागेल का हो ताई?

उत्तर: सगळं नाही. फेडरल एडचा हिशोब दिवसांवर होतो, म्हणजे समजा टर्म 110 दिवसांची आहे आणि तिने 33व्या दिवशी सोडलं तर 30 टक्के एड तिची, बाकीची परत जाते, पण 60 टक्क्यांच्या वर दिवस झाले की मग पूर्ण एड तिचीच. तो दिवस कधी येतो ते मोजून बघा, पण झेपतच नसेल तर पैशासाठी पोरीला ओढत नेऊ नका प्लीज.

खरा फटका वेगळाच बसतो. कॉलेज आपल्या वाट्याची रक्कम 45 दिवसांत सरकारला परत करतं, आणि ट्यूशनचा रिफंड मात्र कॉलेजच्या स्वतःच्या नियमाने ठरतो, ती मुदत गेली असेल तर फी तशीच राहते आणि बिल तुमच्याकडे येतं. त्यामुळे सेमिस्टर सोडायचा फॉर्म भरायच्या आधीच फायनान्शियल एड ऑफिसला जाऊन आकडा लेखी मागा, मेडिकल विड्रॉलला (तब्येतीमुळे सेमिस्टर सोडण्याला) फी कमी होते का तेही विचारा. न सांगता क्लास बंद करू नका, त्यात ग्रेडही जातात. उरलेलं लोन लगेच भरायचं नसतं, 6 महिने ग्रेस असतो.