मुंबई ते लंडन हे अंतर किती आहे आणि विमानाला किती वेळ लागतो? जाताना आणि येताना वेळ वेगवेगळा का असतो?

मुंबई आणि लंडनचे हीथ्रो विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. कुठेही न थांबणाऱ्या विमानाला मुंबईहून लंडनला जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात आणि परतताना सुमारे तासभर कमी लागतो. माझी मुलगी लंडनला राहत असल्यामुळे या मार्गाकडे माझे बारीक लक्ष असते, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

उत्तर गोलार्धात या अक्षांशांवर सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा हवेतील वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरला, तरी लंडनला जाताना हे वारे समोरून येत असल्यामुळे जमिनीच्या हिशेबाने तो वेग घटतो. परतताना तेच वारे पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असल्याने हा फरकही वाढतो.

मात्र ७,२०० किलोमीटर हा आकडा पृथ्वीच्या गोलावर मोजलेल्या सर्वांत जवळच्या रेषेचा आहे, आणि विमान त्या रेषेवरून जाईलच असे नाही. ही रेषा सौराष्ट्र आणि कच्छवरून कराचीच्या आसपास पोहोचते आणि पुढे बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड असा प्रवास करत लंडनला पोहोचते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२पासून नागरी विमानांना बंद झाले, तर पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. त्यामुळे भारतीय कंपनीचे विमान आणि ब्रिटिश कंपनीचे विमान यांचे मार्ग एकाच दिवशीही निराळे असू शकतात. दिल्लीच्या तुलनेत मुंबईला याचा फटका कमी बसतो, कारण येथून निघालेले विमान थेट अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने जाऊ शकते. दिल्लीच्या विमानाला आधी बरेच दक्षिणेकडे उतरावे लागते. इराण किंवा आखातात तणाव निर्माण झाला, तर मात्र मुंबईचा मार्गही लांबतो. प्रवासाच्या तारखेचे वेळापत्रक कंपनीच्या संकेतस्थळावर पाहणे मला म्हणूनच आवश्यक वाटते.

तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या असतात, हे विसरू नये. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. जानेवारीत मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान दहा तासांनी पोहोचले, तर तेथे त्याच दिवशीचे संध्याकाळचे ५.३० वाजलेले असतात, म्हणून घड्याळात केवळ साडेचार तासांचा प्रवास दिसतो. उलट लंडनहून रात्री ९ वाजता निघून नऊ तास उडालेले विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता उतरते.

वेळापत्रकातील कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. हीथ्रोवर उतरण्यापूर्वी कधी कधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, शिवाय पारपत्र तपासणी आणि सामान मिळण्याचा वेळ वेगळा. पुढे वेगळ्या तिकिटावर बस किंवा रेल्वे पकडायची असेल, तर उतरण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांचे अंतर ठेवावे, असे मी सुचवेन.