नवी अँटिबॉडी वापरण्याआधी

भाऊ, पार्सल आलं की अँटिबॉडीची (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनाची) व्हायल, म्हणजे छोटी कुपी, टेबलावर ठेवून चहाला जाऊ नको. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 वर असतो, त्यात लाइट गेली की एसीही बंद. व्हायल बर्फातच ठेव, छोटे छोटे भाग करून उणे 20 अंशांच्या फ्रीजरला टाक. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं तिला सोसत नाही. 50 टक्के ग्लिसरॉल असेल तर तिथे ती गोठतच नाही, मग भाग पाडायची गरज नाही.

मग माहितीपत्रक वाच, नुसतं डायल्यूशन (किती पातळ करायची ते) बघून मिटू नको. मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच पेशीच्या वंशातून बनवलेली) प्रथिनाचा एकच छोटा भाग ओळखते. एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळल्यावर प्रथिनाची घडी मोडते. ओळखीचा भाग त्या घडीवरच अवलंबून असेल तर वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने हवं ते शोधायची चाचणी) कोरा येतो, मग तीच अँटिबॉडी इतर प्रयोगात कितीही झकास चालो.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे. नमुना उंदराच्या यकृताचा आणि अँटिबॉडीही उंदराचीच! सेकंडरी, म्हणजे तुझ्या पहिल्या (प्रायमरी) अँटिबॉडीला चिकटून तिची जागा दाखवणारी दुसरी अँटिबॉडी, त्या ऊतीतल्या रक्ताच्या आयजीजीलाही (रक्तातल्या नेहमीच्या अँटिबॉडीलाही) चिकटणार, आणि 50 व 25 किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) पट्टे दिसणार. तुझं प्रथिन 52 चं, म्हणजे फसायला पुरेपूर वाव. एका पट्टीवर प्रायमरी न घालता फक्त सेकंडरी लाव. तिथेही पट्टा आला तर सरांना फोटो पाठवायची घाई नको. बजेट असेल तर सरळ सशाची मोनोक्लोनल मागव.

सेकंडरीला एचआरपी (पट्टा दिसायला लावणारं एंझाइम) जोडलेलं असेल तर बफरमध्ये सोडियम अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते) अजिबात नको, एंझाइमच बंद पडतं. दूध पावडर ब्लॉकिंगला (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून रिकाम्या जागा झाकायला) चालेल. फॉस्फो-अँटिबॉडी (फॉस्फेट लागलेलं प्रथिन ओळखणारी) असेल तेव्हा मात्र बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घे, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे.