ताप उतरला, मग संसर्गरोगतज्ज्ञ कशाला?

प्रश्न : वडील आयसीयूत आहेत. रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ हा जंतू सापडला. आता ताप नाही, तरी संसर्गरोगतज्ज्ञांना बोलावलंय. आणखी एक डॉक्टर कशासाठी?

उत्तर : याच जंतूसाठी तर बोलवायलाच हवं. ताप गेला म्हणजे रक्त स्वच्छ झालं असं नाही. हा जंतू हृदयाच्या झडपेवर, मणक्यात किंवा सांध्यात ठाण मांडतो. म्हणून कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत दर २४ ते ४८ तासांनी पुन्हा रक्त घेतात. दर बाटलीत ८ ते १० मिली, कारण कमी रक्तात जंतू निसटतो. झडपा तपासायला टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) हेच संसर्गाचं मूळ असेल तर ती काढावीच लागते, नुसत्या औषधानं भागत नाही.

औषधातही मेख आहे. जंतू मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देणारा असेल, तर ‘भारी’ व्हँकोमायसिनपेक्षा साधं सेफाझोलिन सरस ठरतं. किमान १४ दिवस इंजेक्शनं, तीही पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजून. झडपेला लागण असेल तर सहसा ६ आठवडे. डिस्चार्जच्या घाईत नेमकी हीच मोजणी चुकते. फाइलमध्ये पहिल्या निगेटिव्ह कल्चरची तारीख लिहून घ्या.