स्कूटरवरून उतरताना चावी काढलीत ना?

मागच्या अंकात मोबिलिटी स्कूटरबद्दल, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठी असलेल्या बॅटरीवरच्या छोट्या गाडीबद्दल, मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा कॉलमच त्यावर करावा लागतोय. मी स्वतः नऊ वर्षं ही गाडी वापरतेय. सध्याची दुसरी आहे, पहिलीच्या बॅटऱ्यांचा जीव मी कसा घेतला ते खाली येईलच.

आईचे गुडघे पार गेलेत पण स्कूटरचं नाव काढलं की "मी काय अपंग आहे?" म्हणते. आणि खरं सांगायचं तर मलाही धाकधूक आहेच, की गाडी आली तर आता चालते तेवढंही बंद करेल. — एक लेक

अगं, आत्ता आई नेमकी किती चालते ते एकदा नीट बघ. बेडवरून बाथरूम, बाथरूमवरून किचन, संपलं, कारण बाहेर पडायचं तर परत यायची खात्री नाही म्हणून ती बाहेरच पडत नाहीये. माझंही तेच झालेलं. गाडी आल्यावर मी बागेपर्यंत गाडीवर जायला लागले आणि तिथे काठी घेऊन दोन फेऱ्या मारायला लागले, म्हणजे चालणं उलट वाढलंच की! किती चालायचं ते डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारा, पण नुसत्या भीतीपोटी गाडी अडवू नकोस.

राहिला प्रश्न "अपंग" शब्दाचा. आईला सांग, ही गाडी १९६८ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅलन थीम नावाच्या माणसाने बनवली, घरातल्याच एका व्यक्तीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) झाला म्हणून, आणि तिचं नाव ठेवलं 'अमिगो', म्हणजे स्पॅनिशमध्ये दोस्त. याने आई लगेच तयार होईल असं नाही, माझी मी तयार व्हायला वर्ष घेतलं. एक मात्र आधी तपासा, आधाराशिवाय सरळ बसता येतं का, दोन्ही हात हँडलपर्यंत पोचतात का आणि नजर ठीक आहे का. यातलं काही जमत नसेल तर स्कूटरपेक्षा हाताशी जॉयस्टिक असलेली पॉवर व्हीलचेअर बरी.

तीन चाकी घेऊ का चार चाकी?

घरात आणि दुकानात फिरवायची असेल तर तीन चाकी, कमी जागेत वळते आणि पाय ठेवायला जागा जास्त. बाहेरचे खड्डे, फुटपाथच्या कडा, उतार असतील तर चार चाकी, कारण तीन चाकी जोरात वळवली की कलंडू शकते. पण त्याआधी टेप घेऊन दरवाजे मोजा, लिफ्टची आतली खोली मोजा. लोक रंग बघून गाडी घेतात आणि मग ती लिफ्टमध्ये मावत नाही.

कंपनीने २० किलोमीटर सांगितलं होतं, माझी १२ मध्येच मान टाकते. फसवलं का मला? — निवृत्त शिक्षक

सर, फसवलं असं नाही म्हणता येणार, पण तो आकडा सपाट रस्ता, हलका माणूस, नवी बॅटरी आणि छान हवा धरून काढलेला असतो. त्यात चढ आला, थंडी आली, मागे सामानाची पिशवी आली की आकडा गडगडतो. हवेची चाकं असतील तर टायरमधली हवा पण बघा, कमी असली की गाडी ओढत चालते आणि बॅटरी खाते.

आता माझा पराक्रम. बऱ्याच गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मला वाटायचं मोबाईलसारखं पूर्ण उतरू द्यावी आणि मगच चार्जिंगला लावावी, ते बॅटरीला चांगलं. साफ चूक! लेड अ‍ॅसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि मग ती पूर्वीइतकी चार्जच होत नाही. मी आजारपणात दोन महिने गाडी तशीच कोपऱ्यात ठेवली, बरी होऊन चावी फिरवली तर दिवा सुद्धा लागेना. म्हणून सर, बाहेरून आलात की रात्री चार्जिंगला लावायची, मग दहा मिनिटांचीच चक्कर का असेना. वापर नसेल तेव्हाही महिन्यातून एकदा तरी पूर्ण चार्ज करायची. लिथियमवाल्यांचं वेगळं असतं, त्यांना अर्धवट चार्ज चालतो. पण चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरा, शेजाऱ्यांचा पिनला बसला म्हणून लावायचा नाही.

आमच्या दारात चढ आहे. मिस्टर मागचा लिव्हर खाली करून गाडी ढकलत वर आणतात, ते बरोबर आहे का?

नाही! ताई, आजपासून बंद करा. गाडी चालवायचा अंगठ्याचा खटका सोडला की गाडी जागच्या जागी थांबते ती मोटरला असलेल्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेकमुळे. तो मागचा लिव्हर तोच ब्रेक सोडवतो. म्हणजे चढावर ढकलताना मिस्टरांचा हात सुटला तर तुम्ही आणि गाडी थेट खाली. तो लिव्हर सपाट जागेवर, बंद गाडी हलवण्यापुरता, आणि तेव्हा गाडीवर कोणी बसलेलं नको.

चढावर सरळ जायचं, तिरकं नाही, जरा पुढे झुकून बसायचं आणि मधेच वळायचं नाही. रॅम्प करून घेणार असाल तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी हा साधा हिशोब, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सुद्धा सहा फूट लागतात. गवंडी दोन फुटांत बसवून देतो म्हणेल, ऐकू नका.

आणि सीट फिरवून उतरण्याआधी चावी काढा. माझी एकदा ओढणी खटक्यात अडकली, गाडी चालू होती, मी अर्धी उभी. टेबल होतं म्हणून वाचले.

विमानात नेता येते का?

हो, पण एअरलाइनला आधी कळवून. काढता येणारी लिथियम बॅटरी असेल तर साधारण नियम असा की एकच असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), दोन असतील तर प्रत्येकी १६०, आणि काढलेली बॅटरी केबिनमध्ये आपल्याजवळ ठेवायची. वॉट-अवर काढायला बॅटरीवरचे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करायचं, २४ गुणिले १२ म्हणजे २८८, चालते. बुकिंगच्या आधीच बॅटरीवरच्या लेबलचा फोटो काढून त्यांना पाठवा.

मी गाडीवर असले की दुकानदार माझ्याशी बोलतच नाही, बरोबरच्या भाचीला विचारतो "यांना काय हवंय?" काय करावं?

बाई गं, हे तर रोजचंच. आधी मी चिडायचे, मग उपदेश करून बघितला, दोन्हीचा उपयोग शून्य. आता बहिणीला सांगून ठेवलंय की असं कोणी विचारलं की तिने मोबाईल काढून त्यात डोकं घालायचं आणि अजिबात वर बघायचं नाही. समोरचा जरा वेळ चुळबुळ करतो, मग त्याला खाली माझ्याकडे बघावंच लागतं.