तीन संख्यांचा लसावि काढताना ‘गुणाकार भागिले मसावि’ हे सूत्र का चालत नाही?

तुम्ही लिहिलंय की मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास करतेय. १२, १८ आणि ३० यांचा लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य) तिने ‘संख्यांचा गुणाकार ÷ मसावि (महत्तम साधारण विभाजक)’ असा काढला. उत्तर आलं १०८०, पुस्तकात मात्र १८० आहे, आणि चूक कुठे झाली ते घरात कुणालाच सांगता येईना.

तिची आकडेमोड बरोबर आहे. १२ × १८ × ३० = ६४८०, मसावि ६, भागाकार १०८०. ते सूत्रच दोन संख्यांपुरतं आहे. पण ‘तीन संख्यांना लावायचं नाही’ एवढं पाठ करायला लावून विषय मिटवू नका. मी गणित शिकवते आणि माझं ठाम मत आहे की यामागचं कारण त्या वयाच्या मुलांना नीट कळतं. शिवाय एकदा कळलं की लसावि-मसाविची भीती जाते.

आधी मूळ अवयव पाडा:

१२ = २ × २ × ३
१८ = २ × ३ × ३
३० = २ × ३ × ५

लसाविला या तिन्ही संख्यांनी निःशेष भाग जायला हवा, आणि त्यात एकही अवयव जादा नको. म्हणून प्रत्येक मूळ अवयव जास्तीत जास्त जितक्यांदा आलाय तितक्यांदाच घ्यायचा. २ हा १२ मध्ये दोनदा आहे, ३ हा १८ मध्ये दोनदा, ५ हा ३० मध्ये एकदा. २ × २ × ३ × ३ × ५ = १८०. मसाविचं नेमकं उलट असतं, तिथे प्रत्येक अवयव कमीत कमी जितक्यांदा आलाय तितका घ्यायचा. इथे २ एकदा, ३ एकदा आणि ५ एकदाही नाही, कारण १२ आणि १८ मध्ये तो नाहीच. म्हणून ६.

आता खरी गंमत. संख्या दोनच असतील तर प्रत्येक मूळ अवयव कोणत्या संख्येत कितीदा आलाय याचे दोन आकडे मिळतात, एक मोठा, एक लहान (किंवा दोन्ही सारखे). संख्यांच्या गुणाकारात दोन्ही येतात. मसाविने भागलं की लहान निघून जातो, मोठा उरतो, आणि मोठा म्हणजेच लसावि. संख्या तीन झाल्या की आकडेही तीन होतात: मोठा, मधला, लहान. मसाविने भागल्यावर लहान जातो, पण मधला तिथेच राहतो. तुमच्या उदाहरणात २ चे आकडे २, १, १ आहेत, म्हणजे मधला १. ३ चेही मोठ्यापासून लावले तर २, १, १, मधला १. ५ चे १, ०, ०, मधला शून्य. म्हणजे एक २ आणि एक ३ उगाच राहून गेले, आणि उत्तर २ × ३ = ६ पट मोठं आलं. १८० × ६ = १०८०. मुलीला हे स्वतः शोधू द्या. ‘जादा सहा आले कुठून?’ एवढंच विचारा आणि तिला वेळ द्या.

मग तीन संख्यांसाठी काय करायचं? दोन-दोन घ्या. १२ आणि १८ चा लसावि ३६. आता ३६ आणि ३० चा मसावि ६, म्हणून ३६ ÷ ६ × ३० = १८०. प्रत्येक पायरीला दोनच संख्या आहेत, त्यामुळे तिचं आवडतं सूत्र इथे निर्धास्त वापरता येतं. हा मार्ग फार जुना आहे. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात तीन संख्यांचा लसावि असाच काढलाय: आधी दोघींचा, मग आलेल्या उत्तराचा आणि तिसरीचा. आधी भागा, मग गुणा, ही सवयही लावा. आकडे लहान राहतात आणि चुका कमी होतात.

उभी मांडणी (संख्या ओळीत लिहून सामाईक विभाजकाने भागत जायचं, आणि शेवटी सगळे विभाजक व उरलेल्या संख्या गुणायच्या) ती करतच असेल, म्हणून त्यातल्या एका खड्ड्याबद्दल सांगते. मोठ्या परीक्षांची तयारी करणारी मुलंसुद्धा यात पडतात. १२, २८, ३६ घ्या. १२ आणि ३६ या दोघींना १२ ने भाग जातो हे पाहून वेळ वाचवायला कुणी थेट १२ ने भागतं. खाली येतात १, २८, ३. पुढे सामाईक काही दिसत नाही, म्हणून १२ × २८ × ३ = १००८. खरं उत्तर आहे २५२. झालं असं की १२ मधले दोन २ हे २८ मध्येही होते, पण २८ ला १२ ने भाग जात नसल्यामुळे ते आतच राहिले आणि दोनदा मोजले गेले. मूळसंख्येनेच भागत गेलं की हे होत नाही: २ ने भागून ६, १४, १८, पुन्हा २ ने ३, ७, ९, मग ३ ने १, ७, ३. गुणाकार २ × २ × ३ × ७ × ३ = २५२. संयुक्त संख्येने भागायचं असेल तर सगळ्याच संख्यांना तिने भाग गेला पाहिजे. तुमच्या १२, १८, ३० ला सुरुवातीलाच ६ ने भागलं तरी चालतं: २, ३, ५ उरतात आणि ६ × २ × ३ × ५ = १८०.

अवयव चटकन दिसत नाहीत अशा संख्या आल्या, समजा ३९१ आणि ४९३, तर अवयव शोधत बसू नका. मोठीला लहानने भागा, बाकीने लहानला भागा, असं करत जा. ४९३ ला ३९१ ने भागून बाकी १०२. ३९१ ला १०२ ने भागून बाकी ८५. १०२ ला ८५ ने भागून १७. ८५ ला १७ ने भाग जातो, म्हणून मसावि १७. मग ४९३ ÷ १७ = २९ आणि लसावि २९ × ३९१ = ११३३९. हीही युक्लिडचीच रीत, आणि मला शाळेच्या गणितातली ही सर्वांत सुंदर वाटते.

तिने ‘हे शिकायचं कशाला?’ असं विचारलं तर अपूर्णांक दाखवा. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला, आणि त्यात लसावि आहे तो अपूर्णांकांचे छेद समान करण्यासाठी. ५/१२ + ७/१८ + १/३० करून पाहा. छेद १८० घेतला तर ७५ + ७० + ६, म्हणजे १५१/१८०. छेद १०८० घेतला तरी बेरीज बरोबरच येते, ९०६/१०८०, पण मग ६ ने संक्षेप करावा लागतो. म्हणजे मुलीचं १०८० हे उत्तर साधारण विभाज्य नक्की आहे, फक्त लघुत्तम नाही. तिला हे आवर्जून सांगा.

शिष्यवृत्तीत आणखी एक प्रकार हमखास येतो: १२, १८ आणि ३० ने भागल्यास प्रत्येक वेळी ७ बाकी उरते, अशी लहानात लहान संख्या कोणती? अपेक्षित उत्तर १८० + ७ = १८७. एखादं चौकस मूल म्हणेल, ७ ला १२ ने भागलं तरी बाकी ७ च उरते, मग उत्तर ७ का नाही? त्याचं म्हणणं बरोबर आहे. प्रश्नात ‘७ पेक्षा मोठी’ असं लिहायला हवं. पेपरात पर्यायांत ७ दिलेला नसेल तर १८७ वर खूण करायची.