आमच्या घरी पिढीजात बैलगाडीची चाकं करायचा कारखाना होता. त्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांपासून चाललेला कारखाना १९८० च्या सुमारास बंद पडला, घरात आता सांगणारं कुणी नाही, आणि माळ्यावर काही वाकडे लाकडी फर्मे (मापाचे साचे), एक अर्धवट चाक, एक सुटी धाव (चाकाच्या कडेवर चढवायचं लोखंडी कडं) आणि हिशोबाच्या चोपड्या तेवढ्या आहेत. मला विचाराल तर हे पुष्कळ आहे. माणसांच्या आठवणींपेक्षा फर्मे जास्त खरं बोलतात, म्हणून मी आधी फर्मे खाली काढीन.

हे फर्मे पुठ्ठ्यांचे असणार. चाकाची लाकडी कड ज्या वाकड्या तुकड्यांची बनते ते पुठ्ठे. तुमच्या भागात शब्द थोडा वेगळा असेल. फर्म्याच्या बाहेरच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधा आणि तिची लांबी मोजा. मग दोरीच्या बरोबर मध्यावर, दोरीपासून कडेपर्यंत किती पोट सुटलंय ते मोजा. दोरीच्या लांबीचा वर्ग करा, त्याला पोटाच्या आठपटीने भागा आणि उत्तरात पोटाचं निम्मं मिळवा. आली चाकाची त्रिज्या. समजा दोरी ३० इंच आणि पोट ४ इंच भरलं, तर ९०० भागिले ३२ म्हणजे २८ आणि वर २, म्हणजे ३० इंच. पाच फुटी चाक, म्हणजे देशावरची मालवाहू बैलगाडी. फर्मे दोन-तीन मापांचे निघाले तर कारखाना एकाच तऱ्हेच्या गाडीवर चालत नव्हता हे तिथेच कळलं.

याच मापातून आऱ्यांची, म्हणजे चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत जाणाऱ्या दांड्यांची, संख्याही निघते. दोरी आणि त्रिज्या सारखी भरली तर चाकाला सहा पुठ्ठे. एका पुठ्ठ्यात दोन आरे, म्हणून बारा आरे. दोरी त्रिज्येच्या साधारण ०.८७ पट असेल तर सात पुठ्ठे आणि चौदा आरे; ०.७७ च्या आसपास असेल तर आठ आणि सोळा. सहाचं चाक सुताराला सोयीचं, कारण वर्तुळावर त्रिज्येचीच दोरी सहा वेळा बरोबर बसते. कोन मोजायची गरज पडत नाही.

आता लाकूड. देशावर चाकाचं मुख्य लाकूड बाभळीचं. तुंबा (चाकाच्या मधला ठोकळा, ज्यात आरे बसतात), आरे, पुठ्ठे, तिन्हीला बाभूळ चालते. ज्या भागात मिळेल तिथे तिवस, शिसव, अंजन, धावडाही वापरत. ओली बाभूळ मात्र चाकाला कधीच लावत नसत. ओंडके हिवाळ्यात तोडायचे आणि काही महिने विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे. पाण्यात लाकडातला रस निघून जातो, त्यामुळे कीड कमी लागते. मग सावलीत वाळवायचं, आणि टोकं आधी सुकून तडकू नयेत म्हणून त्यांना शेणमाती थापायची. तुंब्याचा ठोकळा जाड, त्याला वाळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. म्हणून ज्या घरात हा धंदा टिकला तिथे बाप मुलासाठी तुंब्यांचे ठोकळे रचून ठेवत असे. चाकाच्या धंद्यात खरं भांडवल अडकायचं ते या वाळत पडलेल्या लाकडात. जुन्या जागेवर मोठी पडवी किंवा पाण्याचं डबकं असेल तर त्याची नोंद अवश्य करा.

तुंबा साधारण दहा-बारा इंच व्यासाचा, फूटभर किंवा त्याहून थोडा लांब. तो चिरू नये म्हणून दोन्ही तोंडांना लोखंडी कडी आधी चढवतात, मगच भोकं पाडतात. अर्धवट चाकाच्या तुंब्यातली भोकं टॉर्च लावून पाहा. भोकाच्या भिंतीवर पटाशीच्या आडव्या खुणा असतील तर भोक हाती पाडलेलं आहे. भोकाच्या कोपऱ्यात गोल छिद्राचा माग दिसला तर आधी गिरमिटाने पोखरून मग चौकोनी केलेलं. आऱ्याचं कूस, म्हणजे तुंब्यात जाणारं टोक, भोकापेक्षा किंचित जाड ठेवून घणाने आत ठोकतात, इतकं घट्ट की प्रत्येक घावाला आवाज बदलत जातो आणि कूस तळाला लागलं की तो एकदम भरीव होतो. आरा हाताने आत जात असेल तर तो आरा बादच करायचा. पाचर मारून तो तात्पुरता धरतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात खुळखुळायला लागतो.

पुठ्ठ्याचं लाकूड निवडणं हे माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात मोठं कसब. पाच फुटी चाकाला चार इंच रुंदीचा पुठ्ठा सरळ फळीतून काढायचा तर फळी निदान साडेसात इंच रुंद लागते, आणि वर मोठा तोटा म्हणजे पुठ्ठ्याच्या टोकांशी लाकडाच्या रेषा तिरक्या कापल्या जातात. चाक तिथेच फुटतं, नेमकं जिथे दोन पुठ्ठे खुंटीने जोडलेले असतात तिथे. म्हणून जाणता सुतार बाभळीची मुळात वाकडी वाढलेली फांदी शोधायचा. वाकसाने तासताना रेषा पुठ्ठ्याच्या बाकाबरोबर वळत गेली की ते लाकूड शंभर नंबरी. तुमच्या चाकाच्या पुठ्ठ्यावर ओला फडका फिरवा, रेषा उठून दिसतील. त्या कडेबरोबर वळत असतील तर तुमच्या घरात लाकूड ओळखणारा माणूस होता.

पुठ्ठे आऱ्यांवर चढवताना एकमेकांना पूर्ण टेकवत नाहीत. सगळ्या सांध्यांच्या फटी मिळून दोन ते चार सूत जागा मोकळी ठेवतात (आठ सुतांचा इंच). ही जागा धावेसाठी. धाव आकसली की आधी आरे तुंब्यात दाबले गेले पाहिजेत आणि मग पुठ्ठे एकमेकांना भिडले पाहिजेत. फटी ठेवल्याच नाहीत तर पुठ्ठे आधीच भिडतात, धावेचा सगळा जोर कडेतच जिरतो आणि आरे ढिले ते ढिलेच राहतात. फटी जास्त झाल्या तर उलटं होतं: आऱ्यांवर ताण येऊन ते वाकतात आणि चाक ताटासारखं एका बाजूला खोल होतं.

इथे लोहार येतो. तुमच्या घरात दोन्ही कामं होती की धावेचं काम बाहेर जायचं, हा प्रश्न इतिहास लिहिताना टाळू नका. आवारात भात्याची जागा, ऐरणीचा ठोकळा, किंवा मध्ये तुंबा मावेल एवढं भोक असलेली मोठी सपाट शिळा सापडली तर धाव घरीच चढत होती.

धावेचा हिशोब असा. पाच फुटी कडेचा घेर १८८ इंच. धावेचा आतला घेर त्याहून सहाएक सूत कमी ठेवायचा. पट्टी कापताना मात्र जाडी धरावी लागते: पट्टी वाकली की तिची आतली बाजू आखडते, म्हणून जाडीच्या तिपटीहून थोडी जास्त लांबी मिळवायची, आणि सांध्यावर दोन्ही टोकं एकमेकांवर चढतात त्याची वेगळी. अर्धा इंच जाड आणि दोन इंच रुंद पट्टीची अशी एक धाव सुमारे २४ किलो भरते. सांधा जोडताना टोकं पांढरी होईस्तोवर तापवून, टाकणखार (बोरॅक्स) किंवा बारीक वाळू टाकून घणाखाली एकजीव करतात. जुनं मऊ लोखंड सहज जुळायचं. पुढे बाजारात पोलादी पट्टी आली, ती तेवढ्याच आचेवर नीट जुळत नाही, आणि सांध्यात उकललेल्या धावा येऊ लागल्या. तुमच्या सुट्या धावेचा सांधा बघा. तो दिसतच नसेल तर काम उत्तम.

मग धाव दगडांवर आडवी ठेवून वर-खाली गोवऱ्या रचतात आणि पेटवतात. गोवरीची आच सगळीकडे सारखी लागते, भट्टीत एवढं मोठं कडं सारखं तापत नाही. काळपट लाल झाली की धाव घेरात दीड इंचाच्या आसपास वाढलेली असते. त्यातले सहा सूत कमी ठेवल्याचे गेले, उरला पाऊण इंच, आणि व्यासात हे अंतर येतं जेमतेम दोन सूत. म्हणजे लाकडाच्या दोन्ही बाजूंना एकेक सूत जागा. तीन-चार माणसं सांडशींनी धाव उचलून चाकावर टाकतात, कड पेट घेते, घणाने सगळीकडून खाली बसवतात आणि लगेच पाणी ओततात. एखादा भाग कमी तापला असेल तर धाव अर्ध्यावर अडकते, आणि ती काढून पुन्हा तापवेपर्यंत लाकडाची कड जळून माप बिघडलेलं असतं. पाणी उशिरा पडलं तरी तेच. नीट जमलं तर वाफेतून सांधे आवळल्याचा कडकड आवाज येतो, आणि त्या आवाजावरून चाक कसं झालं ते लोहार सांगतो.

हे काम उन्हाळ्यातच का करत, याचं उत्तर चोपड्यांत मिळेल. फाल्गुन ते वैशाख लाकूड सगळ्यात सुकं असतं. तेव्हा चढवलेली धाव पावसाळ्यात लाकूड फुगलं की आणखी आवळते. भर पावसात चढवलेली धाव पुढच्या चैत्रात सुटते. ढिली धाव घेऊन शेतकरी गाडी नदीच्या पाण्यात उभी करायचे. लाकूड फुगून आठ-दहा दिवस निभायचं, पण वर्षानुवर्षं असं केलं की पुठ्ठे कुजतात. खरा इलाज एकच, धाव कापून तुकडा काढायचा आणि पुन्हा चढवायची.

म्हणून चोपड्या वाचताना नव्या चाकांच्या जोड्या आणि धावेची दुरुस्ती वेगवेगळी मोजा. घर बहुधा दुरुस्तीवर चाललेलं दिसेल. महिनेही लिहून काढा, इसार कधी आला आणि उरलेले पैसे सुगीनंतर कधी आले तेही. नांगर-कुळवाच्या कामाला सुताराला बलुतं म्हणून धान्य मिळे, पण नवी चाकं सहसा रोख व्यवहारात होत. धान्य आणि रोकड एकाच चोपडीत दिसली तर घर बलुतेदारीतून कारखानदारीकडे कधी सरकलं ते वर्ष तुमच्या हाती लागेल. जुनी पानं मोडीत असतील; ती वाचून देणारे अभ्यासक आजही मिळतात, अंदाजाने वाचू नका.

‘पिढ्यानपिढ्या’ लिहिताना जरा जपून. आरे असलेलं चाक आपल्याकडे प्राचीन आहे, पण देशावर गावोगाव मालवाहू गाडी झाली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी माल बहुतेक बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांतून जायचा, आणि ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांची चाकं भरीव, अवजड. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्याच दशकात सोलापूरकडच्या टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सुधारलेली हलकी गाडी करायचा कारखाना उभारला. पुढे १८५३ पासून रेल्वे आली आणि स्टेशनापर्यंत माल पोचवायला गाड्याच लागल्या. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाला भाव आला तशी खानदेश-वऱ्हाडात गाड्यांची मागणी आणखी वाढली. तुमचं गाव बाजारपेठेचं किंवा स्टेशनाजवळचं असेल तर कारखान्याचा उगम इथे शोधा.

बंद का पडला, याचं उत्तर ‘ट्रॅक्टर आला’ एवढंच लिहू नका. ट्रॅक्टरच्या आधी रबरी टायरची गाडी आली. त्या चाकात सुताराला काहीच काम नाही, आणि खडीच्या रस्त्यावर तेच बैल जास्त ओझं ओढतात. लाकूडही दुर्मीळ झालं. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने तिवस, अंजन यांसारखी झाडं परवानगीशिवाय तोडता येईनाशी झाली. १९७२ च्या दुष्काळात बैल गेले. अलीकडे, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवल्यापासून शर्यतीच्या हलक्या गाड्यांना थोडी मागणी आहे. त्या करणाऱ्या सुतारांना तुमचे फर्मे दाखवा, जुन्या मापांवर तेच सगळ्यात चांगलं बोलतील.

आणि एक काम आजच करा. प्रत्येक फर्मा कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवून घ्या, तारीख आणि माप घाला. माळ्यावरच्या उष्णतेने फर्मे वाकतात आणि मग वरचा हिशोब चुकतो. अर्धवट चाक ओल्या जमिनीवर टेकवून उभं ठेवू नका, फळ्यांवर आडवं ठेवा. रंग किंवा वॉर्निश लावू नका, त्याखाली हत्याराच्या खुणा बुजतात. कच्च्या जवसतेलाचा एक पातळ हात पुरे. सुटी धाव कुणी कितीही आग्रह केला तरी त्या चाकावर चढवू नका. आधी दोन्हींचा घेर दोरीने मोजा. धावेचा आतला घेर पाऊण-एक इंच कमी भरला तर ती त्याच चाकासाठी केलेली होती, आणि काम कुठल्या दिवशी थांबलं ते चोपडीच्या शेवटच्या पानांत शोधता येईल.